कोकणातली उघड्यावरची शिल्पं: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

कोकणात फिरायला येणारे देऊळ पाहतात, किनारा पाहतात, मासे खाऊन परत जातात. पण सड्यावर, तळ्याच्या काठी, किल्ल्याच्या दरवाजावर, एसटी स्टँडबाहेरच्या चौकात जे दगडात आणि धातूत उभं आहे, त्याबद्दल विचारणारी माणसंही आता वाढली आहेत. त्यांच्याकडून पुन्हा पुन्हा येणारे प्रश्न आणि त्यांची उत्तरं इथे एकत्र केली आहेत. भर सड्यावरच्या कातळशिल्पांवर जास्त आहे, कारण प्रश्नही त्यांच्याबद्दलच जास्त येतात.

कातळशिल्पं म्हणजे नक्की काय? ती भिंतीवर असतात का?

नाही, ती पायाखाली असतात. रत्नागिरी-सिंधुदुर्गात डोंगर चढून वर आलं की सपाट, उघडा जांभा दगड पसरलेला दिसतो. त्याला आपण सडा म्हणतो. त्या आडव्या कातळावर माणसं, हत्ती, वाघ, मासे, पक्षी, कासवं आणि गूढ भौमितिक आकृत्या खोदलेल्या आहेत. सत्तरहून जास्त गावांच्या हद्दीत अशी हजारापेक्षा जास्त चित्रं आजवर नोंदली गेली आहेत. काही वीतभर आहेत, तर काही एवढी मोठी की उभ्या माणसाला एका नजरेत मावत नाहीत. राजापूर तालुक्यातल्या कशेळीचा हत्ती सुमारे १८ मीटर बाय १३ मीटरचा आहे आणि त्याच्या पोटात इतर कितीतरी प्राणी कोरलेले आहेत. वरून पाहण्याची काही सोय नसताना एवढी आकृती प्रमाणात कशी राखली असेल, हा विचार तिथे उभं राहिल्यावर मनातून जात नाही.

ती पांडवांनी कोरली असं गावात सांगतात. खरं आहे का?

ती पांडवांनी एका रात्रीत कोरली, पहाट झाली म्हणून काम अर्धवट राहिलं, अशी कथा कोकणातल्या बऱ्याच गावांत ऐकायला मिळते. इतिहास म्हणून ती धरता येणार नाही. पण ती हसण्यावारी नेऊ नये. ज्या कातळाला पांडवांचं नाव लागलं, त्यावर माणसं पाय जपून टाकतात आणि तिथे चिरेखाण, म्हणजे बांधकामाचे चिरे कापायची खाण, काढायला सहसा कुणी धजावत नाही. अभ्यासक पोचण्याच्या कितीतरी पिढ्या आधीपासून या चित्रांची राखण अशा कथांनी केली आहे.

कोरणारे कोण होते, याचं उत्तर चित्रांतूनच थोडंफार मिळतं. प्राणी भरपूर आहेत. शिकार, मासे, जंगल आहे. शेतीचं चित्र मात्र आढळत नाही. म्हणजे ही शेतीच्या आधीची, शिकार करून आणि गोळा करून जगणारी माणसं असावीत, असा अभ्यासकांचा कयास आहे. गेंडा आणि पाणघोडा यांच्या आकृत्याही ओळखल्या गेल्या आहेत. आज हे दोन्ही प्राणी कोकणात नाहीत.

वय किती? ‘दहा हजार वर्षं’ हा आकडा कुठून आला?

दहा-बारा हजार वर्षं हा अंदाज आहे आणि अंदाज म्हणूनच तो सांगितला पाहिजे. कार्बन कालमापनाला लाकूड, हाड, कोळसा असं काहीतरी सेंद्रिय लागतं. उघड्या कातळावर खोदलेल्या रेषेत तसं काही उरत नाही. म्हणून चित्रातले प्राणी, कोरण्याची पद्धत आणि आसपास सापडणारी सूक्ष्म दगडी हत्यारं यांची सांगड घालून काळ ठरवला जातो. फलकांवर, बातम्यांत कधी वीस हजार, कधी चाळीस हजार असे आकडे ठामपणे छापलेले दिसतात. असा आकडा दिसला की तो कशाच्या आधारावर दिला आहे, हे जरूर विचारा.

पहिल्यांदा जायचं तर कुठे जावं?

उक्षीला जा. रत्नागिरी तालुक्यातलं हे गाव कोकण रेल्वेवर आहे. इथे जवळपास खऱ्या आकाराचा हत्ती कोरलेला आहे. त्याच्याभोवती संरक्षक बांधकाम आहे आणि थोड्या उंचीवरून पाहण्याची सोयही आहे. मला हे ठिकाण सर्वांत जास्त आवडतं, कारण जतनासाठी गाव स्वतः पुढे आलं.

त्याच तालुक्यात जांभरुणला चित्रांचा मोठा समूह आहे. राजापूर तालुक्यात जायचं झालं तर कशेळीच्या हत्तीबरोबर तिथलं कनकादित्याचं सूर्यमंदिरही पाहून घ्या. देवीहसोळला आर्यादुर्गेच्या देवळाजवळ भौमितिक नक्षीने भरलेली चौकोनी आकृती आहे. देवाचे गोठणे इथे मानवाकृती आहे आणि तिथे होकायंत्र धरलं की सुई दिशा चुकवते. कातळातल्या चुंबकीय गुणामुळे हे होतं. त्यात कसलाही चमत्कार नाही. बारसूला दोन वाघांच्या मधोमध उभा माणूस आहे. २०२३ मध्ये रिफायनरीविरोधी आंदोलनामुळे हे नाव देशभर गेलं, तेव्हा त्या सड्यावर हे शिल्प आहे हे अनेकांना पहिल्यांदाच कळलं.

मालवण तालुक्यात कुडोपी आहे. गोव्यात कुशावती नदीच्या काठी पणसायमळ आहे, तिथलं गोल चक्रव्यूहासारखं चित्र प्रसिद्ध आहे. या सगळ्यांतल्या निवडक नऊ ठिकाणांचा समावेश २०२२ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या तात्पुरत्या यादीत झाला. तात्पुरती यादी म्हणजे दर्जा मिळाला असं नव्हे. ती पहिली पायरी आहे.

दुपारी गेलो, काहीच दिसलं नाही. असं का?

वेळ चुकली. ऊन डोक्यावर असलं की रेषेत सावली पडत नाही आणि सगळा कातळ एकाच करड्या-काळ्या रंगाचा दिसतो. सकाळी लवकर किंवा सूर्य कलल्यावर जा. तिरपं ऊन खाचेच्या एका काठावर पडतं, दुसऱ्या काठाची बारीक सावली खाली उतरते, आणि जिथे नुसता खडबडीत दगड वाटत होता तिथे आधी पाठीची कमान, मग सोंड, मग चार पाय असं करत जनावर हळूहळू दिसायला लागतं. एका जागी उभं राहू नका, चारी बाजूंनी फिरा, पण आकृतीच्या बाहेरून.

पावसाळ्यात खाचांत पाणी साठतं आणि भोवती रानफुलं येतात. पाहायला सुंदर, पण कातळावर शेवाळ धरतं आणि पाय सटकतो. पाऊस ओसरल्यावर गवत वाढलेलं असतं. त्यामुळे नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ चांगला.

फोटो नीट यावा म्हणून रेषांत खडू किंवा रांगोळी भरली तर चालेल का?

नाही. पांढरा रंग तर मुळीच नको. जांभा सच्छिद्र दगड आहे, जे घातलं ते आत मुरतं. झाडूने घासणं, खिळ्याने माती उकरणं हेही टाळा. चित्रावर चप्पल घालून उभं राहून काढलेले फोटो समाजमाध्यमांवर दिसतात, ते पाहून वाईट वाटतं. माती भरली असेल तर ती तशीच राहू द्या. साफसफाई जाणकारांच्या देखरेखीखालीच व्हायला हवी.

परवानगी लागते का?

बहुतेक सडे कुणाच्या ना कुणाच्या मालकीचे आहेत. तिकीट नसलं तरी ती सार्वजनिक बाग नव्हे. वाडीत शिरल्यावर पहिल्या घरी ‘काकी, वर कातळावर जाऊ का?’ एवढं विचारलं की पुरतं. बहुतेक वेळा वाट दाखवायला घरातलं कुणीतरी बरोबरच येतं. गडग्याचे, म्हणजे दगडी कुंपणाचे, दगड सरकवले असतील तर परतताना लावून या, नाहीतर गुरं आत शिरतात. वाट दाखवणाऱ्याला पैसे द्या. त्याचा अर्धा दिवस तुमच्यासाठी मोडलेला असतो.

देवळाबाहेर उभे कोरीव दगड असतात, त्यांवर लढाई दिसते. ते काय?

ते वीरगळ. लढाईत, गुरं सोडवताना किंवा गावाचं रक्षण करताना पडलेल्या माणसाचं स्मारक. ते खालून वर वाचायचे. सर्वांत खाली युद्ध किंवा पडलेला वीर असतो. त्याच्या वर त्याला नेणाऱ्या अप्सरा असतात आणि सर्वांत वर तो शिवलिंगाची पूजा करताना दिसतो. माथ्यावर बहुधा कलश, किंवा चंद्र-सूर्य असतात. चंद्र-सूर्य असेपर्यंत याची आठवण राहो, असा त्यांचा अर्थ.

किनारपट्टीवरचे सर्वांत बोलके वीरगळ मुंबईत, बोरिवलीजवळच्या एकसरला आहेत. तिथल्या सहा दगडांपैकी काहींवर समुद्रातली लढाई कोरली आहे. उंच नाळेची जहाजं एकामागोमाग निघाली आहेत, प्रत्येकाच्या बाजूला वल्ह्यांची रांग आहे, वरच्या पट्टीत धुमश्चक्री चालू आहे. बारकाईने पाहिलं तर वल्ही सगळी एकाच कोनात झुकलेली दिसतात, म्हणजे कोरणाऱ्याने जहाज चालताना पाहिलं होतं. अनेक अभ्यासक ही लढाई उत्तर कोकणचा शेवटचा शिलाहार राजा सोमेश्वर आणि देवगिरीचा महादेव यादव यांच्यातली, म्हणजे साधारण १२६५ च्या सुमाराची मानतात. सोमेश्वर समुद्रात बुडाला. यादवांचा मंत्री हेमाद्री आपल्या प्रशस्तीत लिहितो की महादेवाच्या क्रोधापेक्षा त्याला समुद्रातला वडवानल, म्हणजे समुद्राच्या पोटातला अग्नी, बरा वाटला. ही जिंकणाऱ्याची भाषा झाली. हरलेल्या बाजूचे किंवा नाव न उरलेल्या खलाशांचे शब्द कुठे शिल्लक नाहीत. शिल्लक आहेत ते दगडावरचे वल्हेकरी.

काही दगडांवर नुसता बांगड्या घातलेला हात असतो.

ती सतीशिळा. काटकोनात वळलेला हात आणि त्यात भरलेल्या बांगड्या ही सती गेलेल्या बाईची खूण. तिचं नाव क्वचितच कोरलेलं असतं. तिथे हळद-कुंकू वाहिलेलं दिसेल. त्या हातापुढे थांबावं आणि ती प्रथा काय होती हे बरोबरच्या मुलांना स्पष्ट सांगावं. गौरव करत सांगू नये.

गाढव आणि बाईचं चित्र असलेला दगड पाहिला. एवढं अश्लील कुणी का कोरलं?

त्याला गधेगाळ म्हणतात. राजाने जमीन किंवा उत्पन्न दान दिलं की त्याचा मजकूर दगडावर कोरत. वर चंद्र-सूर्य, मध्ये लेख आणि खाली हे चित्र. जो कुणी हे दान मोडेल त्याच्या आईवर असा प्रसंग येवो, अशी ती जाहीर शिवी. लेख वाचता न येणाऱ्यालाही ती समजावी म्हणून चित्र. शिलाहार आणि यादव काळातले असे दगड ठाणे-रायगड पट्ट्यात बरेच आहेत. गुन्हा करणारा पुरुष आणि धमकी त्याच्या आईला, ही गोष्ट आज वाचताना खुपते, आणि खुपलीच पाहिजे. पण म्हणून दगड पुरून टाकायचा नसतो. तो त्या काळच्या कायद्याचा कागद आहे.

अलिबागजवळ अक्षीला याच प्रकारातला शिलालेख आहे. शके ९३४, म्हणजे इ.स. १०१२, असं त्याचं प्रचलित वाचन आहे. मराठीतला सर्वांत जुना ज्ञात शिलालेख म्हणून तो सांगितला जातो. काळाबद्दल अभ्यासकांत मतभेद आहेत. तरी मराठी वाचणाऱ्या माणसाने अलिबागला येऊन तो न पाहता जाऊ नये.

गावकरी वीरगळांना शेंदूर, ऑइलपेंट लावतात. थांबवायला नको का?

शेंदूर आणि ऑइलपेंट एकाच मापाने मोजू नका. शेंदूर लागला म्हणजे तो दगड देव झाला, आणि देव झालेला दगड कुणी पायरीला किंवा गडग्याला वापरत नाही. कोकणात जे वीरगळ वाचले, त्यातले पुष्कळ पूजेमुळे वाचले. ऑइलपेंट मात्र नुकसान करतो. त्याच्या थरांखाली कोरीव काम बुजतं आणि दगडातली ओल आत अडकते.

खरा धोका जीर्णोद्धाराच्या वेळी असतो. नवं सिमेंटचं देऊळ उभं राहतं, अंगणात टाईल्स बसतात आणि जुने दगड मागच्या झाडीत जातात किंवा भंगलेले म्हणून नदीत विसर्जित होतात. ही कामं सुरू होण्याआधी मानकऱ्यांशी, देवस्थान समितीशी बोलायला हवं. बाहेरच्याने येऊन फर्मान काढण्यापेक्षा गावातल्याच शिक्षकाने किंवा मुंबईहून येणाऱ्या चाकरमान्यांपैकी कुणी वडीलधाऱ्यांसमोर विषय काढला तर तो ऐकला जातो. ‘आबा, हा दगड आपल्याच गावातल्या माणसाचा आहे, लढाईत गेलेल्या’ एवढं कळलं की त्याच अंगणात त्याला चांगला कट्टा बांधून दिलेला मी पाहिला आहे.

जंजिऱ्याच्या दरवाजावरचा वाघ हत्ती का पकडतो?

तो वाघ नसून शरभ, म्हणजे शिल्पांतला काल्पनिक पशू आहे. पंजांत आणि शेपटीत हत्ती धरून उभा आहे. नावाडी सांगतात की सिद्दीने आपण किती बलाढ्य हे दाखवायला तो बसवला. तसे शरभ महाराष्ट्रातल्या इतरही किल्ल्यांवर आहेत, तेव्हा हे एकट्या सिद्दीचं चिन्ह नव्हे.

सिंधुदुर्गावरचे हाता-पायाचे ठसे खरंच महाराजांचे आहेत का?

चुन्यात उमटलेला एक हात आणि एक पाऊल तिथे घुमटीत जपलेले आहेत आणि परंपरा ते शिवाजी महाराजांचे मानते. किल्ल्याचं काम १६६४ मध्ये सुरू झालं. त्यापुढे तपासता येईल असं काही नाही. श्रद्धेने पाहणाऱ्याला पाहू द्यावं.

रायगडावरच्या वाघ्या कुत्र्याची गोष्ट खरी आहे का?

महाराजांच्या चितेत त्यांच्या कुत्र्याने उडी घेतली ही गोष्ट महाराष्ट्रभर लाडकी आहे. समकालीन कागदपत्रांत तिला आधार सापडलेला नाही. समाधीसमोरचा पुतळा विसाव्या शतकातला, १९३६ च्या सुमाराचा आहे. २०१२ मध्ये तो उखडला गेला आणि काही दिवसांत पुन्हा बसवला गेला. २०२५ मध्ये तो हटवण्याची मागणी परत पुढे आली. माझं मत असं की पुतळा असो वा नसो, तो कधी उभारला आणि मूळ गोष्ट कुठून आली हे सांगणारा फलक शेजारी हवा. गडावर येणाऱ्या शाळेच्या मुलांना एवढं कळण्याचा हक्क आहे.

मालवणचा पुतळा का पडला?

राजकोट किल्ल्यावरच्या शिवाजी महाराजांच्या पुतळ्याचं अनावरण ४ डिसेंबर २०२३ ला नौदल दिनी झालं आणि २६ ऑगस्ट २०२४ ला, नऊ महिनेही पूर्ण व्हायच्या आत, तो कोसळला. चौकशीत आतल्या सांगाड्याचा कमकुवतपणा, गंज आणि सदोष वेल्डिंग ही कारणं पुढे आली. त्या दिवशी मालवणात जे दुःख होतं ते राजकारणापलीकडचं होतं. माणसं अक्षरशः घरातलं कुणी गेल्यासारखी गप्प झाली होती.

किनाऱ्यावर उभ्या धातूच्या शिल्पाचा खरा शत्रू आतून काम करतो. बाहेरचं ब्राँझ खाऱ्या हवेत हिरवं पडतं, पण टिकतं. आतला लोखंडी सांगाडा मात्र जोडातून शिरलेल्या मिठाच्या ओलीने गंजतो, गंजलं की फुगतो, फुगला की जोड उघडतो आणि आणखी पाणी आत घेतो. त्यावर पावसाळ्यातला वारा. म्हणून इथे सांगाड्याला स्टेनलेस स्टीलसारखा न गंजणारा धातू, पाण्याला बाहेर पडायला वाट आणि दरवर्षी पावसाआधी आणि पावसानंतर तपासणी हवीच. होड्या आपण दरवर्षी ओढून वर घेतो, तासतो, तेल लावतो. पुतळ्याचीही तितकीच निगा राखली पाहिजे. त्याच जागी आता राम सुतार यांनी घडवलेला सुमारे ६० फुटी ब्राँझचा पुतळा उभा आहे, त्याचं लोकार्पण मे २०२५ मध्ये झालं.

महाडला काय पाहावं?

चवदार तळं. २० मार्च १९२७ ला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी हजारो लोकांसह या तळ्याचं पाणी ओंजळीत घेतलं. तिथे त्यांचा पुतळा आहे आणि त्याच वर्षी २५ डिसेंबरला मनुस्मृतीचं दहन झालं त्या जागी क्रांतिस्तंभ उभा आहे. शक्य असेल तर २० मार्चलाच जा. लांबून आलेल्या आज्या तळ्याच्या पायऱ्या उतरून पाण्याला हात लावतात, ते पाहिल्यावर पुतळा तिथेच का हवा हे कळतं.

घारापुरीचा हत्ती कुठे गेला?

भायखळ्याला. बेटाच्या बंदराजवळ एक प्रचंड दगडी हत्ती होता. तो पाहून पोर्तुगीजांनी बेटाला एलिफंटा नाव दिलं. १८६४ मध्ये इंग्रजांनी तो विलायतेला न्यायचा घाट घातला. उचलताना तो पडून फुटला. तुकडे मुंबईत राहिले आणि १९१४ मध्ये सांधले गेले. आज तो जिजामाता उद्यानाच्या आवारात, भाऊ दाजी लाड संग्रहालयाजवळ उभा आहे, सांधे नीट पाहिले तर दिसतात. बेटाला ज्याच्यावरून नाव मिळालं तो बेटावर नाही, याची चुटपुट लागते. फोर्टमधून १९६५ मध्ये हलवलेला मूळ काळा घोडा, म्हणजे युवराज असतानाच्या सातव्या एडवर्डचा अश्वारूढ पुतळाही याच उद्यानात आहे. फोर्टात आज दिसतो तो स्वाराविना घोडा २०१७ मधला. उद्यान आणि संग्रहालय बुधवारी बंद असतात, घारापुरीची लेणी सोमवारी.

आमच्या सड्यावर काहीतरी कोरलेलं दिसतंय. कुणाला सांगावं?

आधी ते हात न लावता, न धुता जसं आहे तसं ठेवा. शेजारी पट्टी किंवा काठी ठेवून मोबाईलवर फोटो काढा, जागेचं लोकेशन नोंदवा. वाडीत त्या जागेला काय म्हणतात, तिथे कधी नारळ ठेवतात का, कसली गोष्ट सांगतात, हे घरातल्या म्हाताऱ्या माणसांकडून ऐकून त्यांच्याच शब्दांत लिहून किंवा रेकॉर्ड करून ठेवा. मग ग्रामपंचायतीला लेखी कळवा आणि राज्याच्या पुरातत्त्व व वस्तुसंग्रहालये संचालनालयाच्या रत्नागिरी विभागीय कार्यालयाला अर्ज द्या. अर्जावर पोच घ्या. रत्नागिरीत कातळशिल्पांवर वर्षानुवर्षं पायपीट करणारे अभ्यासक आहेत, तेही पाहायला येतात.

जागा चिरेखाणीसाठी दिली असेल तर थांबू नका, त्याच दिवशी तलाठी आणि तहसीलदारांना कळवा, कारण चिरे कापायचं मशीन एका दुपारीत अख्खं चित्र उचलून नेतं. आणि खात्याकडून कुणी येऊन पाहून जाईपर्यंत नेमकी जागा इंटरनेटवर टाकू नका.